पातं झोपल्याचा आवाज

चांदपाशाबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही, लिहील असंही वाटत नाही. मला लिहायची सवय नाही. जमेल तेवढं लिहितो. चुकलं तर वाचणाऱ्यानं सोडून द्यावं.

अहमदपुरात धान्याच्या मोंढ्यामागच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड होतं. तिथं तो कडप्पा, फरशी, ग्रॅनाइट कापून द्यायचा. गावातल्या कितीतरी स्वयंपाकघरांचे ओटे त्याच्या हातचे. माझ्या घरचाही. त्या ओट्यावर आता मी एकटाच चहा करतो.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. सगळी नोकरी लोकांची माणसं एकमेकांना जोडून देण्यात गेली, पण स्वतः बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडते. बायको गेल्यावर मी चांदभाईच्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो. यंत्र सुरू झालं की तिथं कुणालाच बोलता येत नसे. ते मला बरं वाटायचं.

यंत्राला पोलादाचं गोल पातं होतं. त्याच्या कडेला लहान लहान दात झाळून बसवलेले. धातूची भुकटी आणि कारखान्यात तयार केलेल्या हिऱ्यांची कणी एकत्र दाबून, भाजून हे दात करतात. दगड कापतात ते हिरे. धातू त्यांना नुसता धरून ठेवतो. कापता कापता धातू झिजतो, जुनी कणी गळते, आतली नवी वर येते. पण दगड फार कठीण असला की कणी घोटली जाते, धातू झिजतच नाही आणि दात काचेसारखे गुळगुळीत होतात. मग पातं कापायचं सोडून नुसतं घासत राहतं, तापतं. चांदभाई म्हणायचा, "झोपलं!" त्याला जागं करायला तो वाळू-सिमेंटची खरखरीत वीट पात्याखाली द्यायचा. विटेत चार चिरा पडल्या की धातू खरवडला जायचा आणि नवी कणी उघडी पडायची.

"कडक दगडाला मऊ धातूचं पातं लागतं आप्पा," तो सांगायचा. "धातूनं हिरा लई घट्ट धरला की झोपलंच समजा."

पातं झोपलं हे आवाजावरून कळतं. घरघर बारीक होत जाते आणि शेवटी शिट्टीसारखी येते. हा आवाज आयुष्यभर ऐकता ऐकता चांदभाईचे कान गेले. गेल्या हिवाळ्यात झोपलेलं पातं तसंच रेटत राहिला आणि तापलेला एक दात सुटून पत्र्याला भोक पाडून गेला. त्याचा मुलगा नबील हैदराबादला एसी दुरुस्त करतो. तो धावत आला आणि बजावून गेला, "पुन्हा असं झालं तर शेडला कुलूप. माझ्याबरोबर चलायचं."

चांदभाईला जायचं नव्हतं. "तिथं काय करू? हितं कान न्हाईत तरी चालतंय. कोण काय म्हणणार ते आधीच ठाव हाय. भाजीवाली काय बोलती, तुम्ही काय बोलत न्हाईत, सगळं पाठ हाय."

मग एक दिवस मला म्हणाला, "आप्पा, तुमचे कान सरकारी हायेत. आजून चालतेत. जरा उसने द्या."

तेव्हापासून मी यंत्रासमोर स्टूल टाकून बसू लागलो. आवाज बारीक झाला की खांद्यावरचा टॉवेल वर करायचा, तो थांबायचा. माझ्या इशाऱ्यावर काही थांबावं हे मला नवीनच होतं. सकाळी मी लवकर आंघोळ करू लागलो. पुढं पुढं तर टॉवेल वर जायच्या आतच तो थांबायला लागला. मला वाटलं, कान थोडे परतले असतील.

ईद झाल्यावर नबील आला. म्हणाला, "माझ्यासमोर एक दगड कापून दाखवा अब्बा. मग ठरवू."

मंजुश्री मॅडम म्हणून एक गिऱ्हाईक होतं, त्यांच्या ओट्याचं काळं ग्रॅनाइट पात्याखाली सरकणाऱ्या ट्रॉलीवर चढवलं. नबील दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. पाण्याची धार सुरू झाली, पातं दगडात शिरलं. निम्म्यावर आवाज बारीक झाला. मी टॉवेलला हात लावला, तोवर चांदभाई थांबलाही होता. त्यानं वीट दिली, पुन्हा दगड घेतला. कड सरळ उतरली.

"बघ! तुझा बाप आजून जिता हाय," तो मोठ्यानं म्हणाला. त्याला आता स्वतःचा आवाजही कळत नसे.

नबील हसला नाही. माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, आवाज बदलला की तुमची भुवई वर जाती. अब्बा ती बघून थांबले. सगळा वेळ त्यांची नजर तुमच्या तोंडावर होती. हात ट्रॉलीवर, दगड पात्याखाली, आन् पात्याकडं बघायला कोणीच न्हाई."

मला बरंच काही म्हणायचं होतं. मी पाठमोरा बसतो, दुसरी काही खूण ठरवतो, असं.

चांदभाईला नबीलचं बोलणं ऐकू आलं नसणार. त्यानं आधी मुलाचं, मग माझं तोंड पाहिलं. बराच वेळ नळाखाली हात धूत राहिला.

"खरं हाय त्याचं," तो म्हणाला. "तुमच्या तोंडावर मला आवाज दिसायचा आप्पा. लई साफ. मग पात्याकडं बघायचं ध्यानातच राहायचं न्हाई."

आणि त्यानंच मेन स्विच खाली ओढला.

यंत्र मुखेडच्या एकानं नेलं. नबीलबरोबर हैदराबादला जाताना चांदभाई ती चिरा पडलेली वीट माझ्या ओट्यावर ठेवून गेला. मी जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, पण त्याला फोन करून उपयोग नाही. कधी नबील व्हिडिओ लावून देतो. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतो. तो विचारतो, "जेवलात का?" मी मान हलवतो. मधेच चित्र थांबतं.

परवा डोळे दाखवायला लातूरला गेलो होतो. एका गल्लीत ग्रॅनाइट कापणं चालू होतं. चालता चालता आवाज बारीक झाला. मी थांबलो. आतला माणूस रेटतच होता. माझ्या नकळत हात खांद्याकडं गेला आणि टॉवेल वर झाला.

त्यानं यंत्र थांबवून विचारलं, "कुणाला बोलावताय काका?"

"पातं झोपलंय," असं म्हणायचं होतं.

"कुणाला नाही," म्हणालो, आणि स्टँडकडं निघालो.