पापणीची रेष

बावीस वर्षं ती इस्पितळात मेंदूचा आलेख काढायचं काम करत होती. डोक्याला वायरी चिकटवताना तिचा हात इतका हलका असे, की पेशंट पेंगायला लागत. त्या दिवशी मात्र खुर्चीत तिचा थोरला भाऊ बसला होता. शिवणकामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण दोन वर्षांपासून त्याच्या कानात कुणीतरी बोलायचं आणि शिलाई मशीन धूळ खात पडलं होतं. गोळ्या तो थुंकून टाकायचा. "तुझ्या यंत्रात तो माणूस दिसला, तर घेईन गोळ्या," या एका अटीवर तो आला होता.

"बघ, आत्ता बोलतोय. दिसला?"

पडद्यावर रेषा शांत चालल्या होत्या. कानातला आवाज असा आलेखात दिसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दादाची हाडं वर आली होती, आईने अंथरूण धरलं होतं, आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याची पापणी लवली तशी एक रेष उसळली. तिने त्या रेषेवर बोट ठेवलं.

"हा बघ, दादा."

तो ढसाढसा रडला. "म्हणजे तो खरा आहे! आणि तुम्ही मला वेडा ठरवलंत."

"आता गोळी घे ना."

"अगं वेडे, खऱ्या माणसाला माझ्या गोळीने काय होणार?"

"ती नुसती पापणीची रेष होती रे," ती काकुळतीला येऊन सांगत राहिली. तो मात्र एकेक वायर स्वतःच उपटून काढत होता.