मंदाची सही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा येईपर्यंत. कारण ही माती मी स्वतःच्या हातानं खाल्लीय, आणि ती अजून दाताखाली करकरते.

केजजवळच्या एका गावात मी विकास सोसायटीत कारकून होतो. कारकून म्हणजे अर्धा वकील, असा माझा हिशेब. सातबारा, वारसनोंद, गहाणखत, काहीही विचारा! पानाला चुना लावता लावता मी सल्ला द्यायचो, तोही फुकट. फुकट सल्ल्याची किंमत काय असते हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

आमचं घर केजला. वडील दूध संघात नोकरीला होते. तिथल्या लोकांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली, त्यात वडिलांच्या वाट्याला तीन खोल्या आल्या. संस्थेच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. आई आधीच गेलेली, मग वडीलही गेले. मागं उरलो मी आणि धाकटी बहीण मंदा. मंदाला गेवराईकडं दिलेली.

ते साल दुष्काळाचं. मंदाच्या विहिरीत बादली टाकली तर खडखड वाजायची. शेवटी तिनं आणि दाजींनी ऊसतोडीच्या टोळीत नाव घातलं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. बाप गेला की बहिणीनं घरावरचा हक्क सोडल्याची सही द्यायची आणि भावानं तिला साडीचोळी करायची. रीत चांगली की वाईट, ते आज विचारू नका. मंदाला ती पाठ होती. तेराव्याची पंगत उठली, तशी हात पुसत ती माझ्यासमोर येऊन बसली.

"दादा, सही कुटं करायची ते सांग. मंगळवारी टोळी निघती. मागून माझ्यापायी तुला हेलपाटा नगं."

शहाणा माणूस काय म्हणाला असता? चल बाई, उद्याच कचेरीत जाऊन नोंदणी करू. पण ओसरीवर दहा माणसं बसली होती, सगळ्यांचे कान माझ्याकडं, आणि माझ्या जिभेला खाज सुटलेली.

"तुझ्या सहीची गरजच न्हाई," मी म्हणालो. "नॉमिनी मी हाय. कायद्यानं तुझा ह्या घराशी काईच संबंध न्हाई."

देवाशपथ, तिला दुखवायचं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त कायदा दाखवायचा होता!

"काईच न्हाई?" तिनं हळूच विचारलं.

"काईच न्हाई," मी म्हणालो, आणि वर बोट उभं केलं. कुणीतरी मागून 'वा' म्हणालं. बाप जाऊन तेरा दिवस झाले होते आणि मी वाहवा घेत होतो.

मंदा एरवी निघताना तिन्ही खोल्यांतून एक चक्कर मारायची. त्या दिवशी तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि सरळ स्टँडचा रस्ता धरला. तिच्यासाठी आणलेली साडी कपाटातच राहिली. सही नाही तर साडी कशाला, दिवाळीला देऊ, असं मीच ठरवलं. बायको म्हणाली, अहो, ताई रडत गेल्या. मी म्हणालो, वडिलांची आठवण आली असेल. इतका मी हुशार!

पुढं संस्थेनं शेअरचा दाखला माझ्या नावावर करून दिला आणि माझी छाती आणखी दोन इंच फुगली. शेजारच्या नामदेवाचा बापही त्याच सुमारास गेला. त्यानं मला विचारलं, मी तेच बोट उभं केलं, आणि त्यानंही आपल्या बहिणीला तसंच वाटेला लावलं.

मग आमचं बोअर आटलं. टँकर पाचव्या दिवशी यायचा. मुलगा अंबाजोगाईला नोकरीला, म्हटलं हे घर विकून तिकडंच जाऊ. एक मास्तर घर घ्यायला तयार झाले. पेढे वाटून झाले. मास्तरांनी कागद एका वकीलबाईंना दाखवले. बाई माझ्या मुलीच्या वयाची. तिनं कागद उलटेपालटे केले आणि भावंडं किती, एवढंच विचारलं.

"एक बहीण. पण नॉमिनी मी हाय."

"काका, नॉमिनी म्हणजे राखणदार. संस्थेनं घर कुणाच्या ताब्यात द्यायचं एवढंच त्यानं ठरतं. मालक सगळे वारस. मृत्युपत्र नाही ना? मग अर्धं घर तुमच्या बहिणीचं."

मी म्हणालो, अहो, बहीण तर सही द्यायला स्वतःहून आली होती. मग घेतली का नाही, असं वकीलबाईनं विचारलं. मास्तर म्हणाले, आधी ती सही आणा, मग पुढचं बोलू. ही बातमी नामदेवाला कळली, तेव्हापासून टँकरच्या रांगेत तो माझ्याकडं पाठ करून उभा राहतो.

कपाटातली साडी काढली, हक्कसोडीचा मसुदा पिशवीत घातला आणि निघालो. दोन एसट्या, एक जीप, आणि मंदाची टोळी गेलेल्या साखर कारखान्याच्या आसपास दीड दिवस शोधाशोध. दुपारी एकदाची मंदाची कोपी सापडली. कोपी म्हणजे वाकवलेले बांबू आणि वर ताडपत्री. आत जायला मला कमरेत वाकावं लागलं. मंदा भाकरी थापत होती. उसाच्या पाल्यानं तिचे हात कोपरापर्यंत चिरले होते.

तिनं बसायला पोतं टाकलं, गुळाचा चहा दिला. मी साडी पुढं केली. तिनं ती कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. मग मी कागद काढला. नोंदणीला केजला यावं लागेल, जीप मी करतो, वगैरे बडबडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दादा, तवा मी द्यायलाच आलते. घर नगं हुतं मला. वर्साकाठी दोन दिस येऊन तितं निजायचं हुतं, बास. तू धा मान्सांत म्हनलास, संबंध न्हाई."

"चुकलं माझं, मंदा."

"ते जाऊ दे. वकीलबाई काय म्हनली? किती माझं?"

दाराशी कोयत्याला धार लावत बसलेले दाजी थांबले. ताडपत्री माझ्या डोक्याला टेकत होती. खोटं बोलता आलं असतं. चुकीचं ठासून सांगण्यात माझा हात कोण धरणार? पण त्या चिरलेल्या हातांसमोर जीभ उचलेना.

"अर्धं," मी म्हणालो.

मंदानं तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग ऱ्हाऊ दे. घर इकू नगंस."

इतकी वर्षं मी गावाला कायद्याचे सल्ले वाटले. त्यातला बरोबर निघालेला हा एकच, 'अर्धं'. आणि ज्या पार्टीला तो दिला, तिला माझ्याविरुद्ध उभं करायला दुसरं कुणी आलं नव्हतं. ते काम मी स्वतःच केलं होतं, बापाच्या तेराव्याला, दहा माणसांसमोर.