कोंबडीच्या चोचीतला चहा

सुलभाताई गद्र्यांच्या कोलकात्यातल्या बेहाला भागातल्या फ्लॅटमध्ये चहाच्या एक्केचाळीस किटल्या आहेत, आणि यंदाच्या जानेवारीपर्यंत त्यांतल्या एकीतही चहा पडला नव्हता. बाई आलं ठेचून, दूध ओतून पातेल्यात खळाखळा उकळून चहा करणार. शेजारच्या बंगाली बायकांसारखी गरम पाण्यात पत्ती मुरवत बसणं त्यांना कधी जमलंच नाही. किटल्या मात्र जमत गेल्या. सोंडेतून चहा ओतणारा हत्ती, कोबीचा गड्डा, कौलारू घर, आणि एक मिशीवाला साहेब, ज्याचं कोपर म्हणजेच तोटी.

नवऱ्याची, शरदरावांची, बँकेतली बदली त्यांना कोलकात्याला घेऊन आली तेव्हा तीन वर्षांची बोली होती. त्याला तीस वर्षं झाली. शरदराव गेले, त्यालाही सहा झाली.

पहिली किटली कोंबडीची. खिदिरपूरला जहाजांवरचं जुनं सामान विकणाऱ्या दुकानात सहा वर्षांच्या केतकीने ती पाहिली, पोटाशी धरली आणि म्हणाली, "आई, आपण ह्यात चहा खाऊ."

बंगालीत चहा खातात, पाणीसुद्धा खातात. पोरगी ते शाळेतून घरी घेऊन यायची आणि सुलभाताईंच्या कपाळाला आठी पडायची. "केतकी, चहा पितात. खातात तो भात." दिवसातून चारदा. शरदराव म्हणायचे, "खाऊ दे की, काय बिघडतं?" पण परमुलखात लेकीची भाषा मोडेल या धास्तीने बाईंनी हट्ट सोडला नाही. सुट्टीच्या दिवशी मायलेकी नवी किटली शोधायला निघत, तेव्हा वाटेतही शिकवणी चालूच असे.

केतकी सुधारली. इतकी, की आता टोरांटोत दर रविवारी इतरांच्या मुलांना मराठी शिकवते. फोनवर ती फार नीट बोलते. सुलभाताईंना मग उगाच परक्या कुणाशी बोलल्यासारखं वाटतं. आपणच घासूनपुसून आपली पोर त्या बोलण्यातून काढून टाकली, हे त्यांना किटल्या पुसताना कोंबडीपाशी आलं की हटकून आठवतं.

जानेवारीत केतकी चार वर्षांनी आली, आठ दिवसांसाठी. एकदा तरी ते चहा 'खाणं' तिच्या तोंडून निसटेल म्हणून बाई टपून बसल्या होत्या. रोज सकाळी मुद्दाम विचारायच्या, "चहाचं काय?"

"पिते ना," केतकी म्हणायची. एकदा तर "घेते" म्हणाली.

शेवटच्या सकाळी बॅगा दाराशी लागल्या. सुलभाताई स्टुलावर चढल्या, कोंबडी उतरवली, धुतली आणि उकळता चहा तिच्यात ओतला. गडबडीत गाळायचा राहिला. कप पुढे धरून वाकवली, तर चोचीत आल्याचा तुकडा अडकलेला. चहा थेंबथेंब पडू लागला. केतकी हसायला लागली. तिला हसताना पाहून बाईंना राहवेना.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "चहा खाऊ."

"आई, चहा पितात," केतकी म्हणाली. "खातात तो भात."

तोच सूर. कपाळावरची आठीसुद्धा तीच.

"चुकलंच गं माझं," सुलभाताई म्हणाल्या, आणि खाली मान घालून काडीने चोचीतलं आलं काढत राहिल्या.