गौराबाईंचे हात

कन्नड मुलखातल्या शिवरामपेठेच्या मागच्या गल्लीत गौराबाईंचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान कसलं, घराची पुढची खोलीच: एक मशीन, एक उभा आरसा आणि पडद्याआड माप घ्यायची जागा. बाई शिंप्यांच्या घरात जन्मल्या आणि शिंप्यांच्याच घरात आल्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण गिऱ्हाईक त्यांच्या बोलण्यासाठी थोडंच येतं? ते फिटिंगसाठी येतं, आणि फिटिंगमध्ये त्यांचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं.

बाईंची एक शिस्त होती. रेशमाला हात लावायचा तो आधी सुक्या पंच्याने पुसून. धुऊन नव्हे, कारण बोटावरचा पाण्याचा एक थेंब फिक्या रेशमावर पडला की डाग बसतो, आणि मग गिऱ्हाईक साडी तोंडावर फेकतं. हुणसूरला माहेरी बाळंतपण उरकून सून सुमा परत आली, तेव्हा तिने लहान मुलांना पुसायचे ओले रुमाल आणले होते. पाकिटातून ओढायचा, पुसायचं, टाकायचं. क्षणात हात कोरडा, तेल नाही, मळ नाही. गौराबाई त्या रुमालांवर जीव टाकू लागल्या. लेकराच्या नाजूक अंगाला चालतं ते आपल्या रापलेल्या बोटांना काय करणार, असा त्यांचा हिशेब. एक पाकीट पाळण्यापाशी आणि एक मशीनपाशी, असं ठरूनच गेलं.

हळूहळू बोटांना खाज सुटली. मग ती लाल झाली, मग भेगा पडल्या, आणि एके दिवशी कुणाच्या तरी मोतिया ब्लाऊजच्या बाहीवर रक्ताचा ठिपका उमटला. बाईंनी वांगं सोडलं, शेंगदाणे सोडले, भांड्यांचा साबण बदलला. मळामुळे होत असेल म्हणून हात दुप्पट वेळा पुसायला लागल्या. त्या बोटांकडे पाहून दोन-चार गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

तेही त्यांनी सोसलं असतं. पण नात अन्विता, जेमतेम बसायला लागलेली पोर, तिच्याही मांड्यांवर आणि ढुंगणावर तसेच लाल चट्टे उठले. शेजारच्या शांताक्का ब्लाऊज टाकायला आल्या होत्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं, गौराबाईंच्या बोटांकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"अय्यो गौरा, तुझं आहे तेच लेकराला चिकटलंय, नोड, बघ."

सुमाने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी गौराबाईंनी पोरीसाठी हात पुढे केले, तेव्हा ती पोरीला घेऊन आत वळली. तिसऱ्या दिवशीही तेच. मुलगा रघु म्हणाला, "आई, थोडे दिवस सुम्ने राहा की." सुम्ने म्हणजे गप्प, उगीच. आजीने नातीसमोर सुम्ने राहायचं! गौराबाईंना इतका राग आला की त्यांनी मशीनचा पट्टा तुटेस्तोवर पाय मारला, आणि मग पडद्याआड जाऊन त्या रडल्या. पोर तिकडून हात पसरायची आणि बाईंना आपले हात पदराखाली घ्यावे लागायचे. याहून वाईट काय असतं?

रडून झाल्यावर मात्र त्यांचं डोकं चालायला लागलं. महिना होत आला, त्यांनी पोरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी चट्टे तसेच.

"मी तिला शिवतही नाही, तरी पोर लाल का?" त्यांनी जेवताना विचारलं. रघुने मोबाईलमध्ये तोंड घातलं. सुमाने भात वाढला. दुसऱ्या दिवशी गौराबाई एकट्याच उठून चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टर वर्षिणी वयाने लहान, पण ऐकून घेणाऱ्या. त्या कन्नडात म्हणाल्या की हाताला जे जे लागतं ते सगळं घेऊन या. बाईंनी पिशवी भरली: साबण, डोक्याचं तेल, मशीनचं तेल, खडू, दोरे, अस्तराचे तुकडे. नेमकं काय बाधतं ते कळावं म्हणून डॉक्टरांनी त्यातल्या काहींचे आणि आपल्याकडच्या रसायनांचे बारीक बारीक ठिपके पट्ट्यांवर घेऊन बाईंच्या पाठीवर चिकटवले. पट्ट्या दोन दिवस काढायच्या नाहीत, पाठीला पाणी लावायचं नाही. बाई ताठ बसून सगळ्यांना सांगत होत्या की मला पार्सल केलंय.

पट्ट्या निघाल्या, पुन्हा दोन दिवसांनी पाठ तपासली. एकाच ठिपक्याची जागा लालभडक फुलली होती.

"पाणी असलेल्या वस्तू नासू नयेत म्हणून त्यांत एक रसायन घालतात, ते तुम्हाला सोसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमच्या पिशवीतल्या एकाही वस्तूत ते नाही. येतं कुठून?"

बाईंनाही सुचेना. त्या उठल्या आणि त्यांची नजर डॉक्टरांच्या साडीवर गेली. फिकी, सायीच्या रंगाची रेशमी साडी, आणि खाली फॉल उसवून लोंबत होता. शिंपिणीला ते बघवतं का? "थांबा, पिन लावून देते," म्हणत त्या वाकल्या, आणि साडीला हात लावण्याआधी सवयीने पर्समधल्या पाकिटातून ओला रुमाल ओढून बोटं पुसायला लागल्या.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे? हे काही नाही, लेकरांचं आहे."

डॉक्टरांनी पाकीट हातात घेऊन मागचं बारीक छापील वाचलं. मग हसल्या. ते रसायन तिथे होतं. हा रोग नव्हेच, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं त्यांनी बाईंना दोनदा सांगितलं, कारण बाईंनी दोनदा विचारलं. पोरीलाही हे रुमाल बाधत असणार, बंद करा आणि तिला दाखवायला आणा, असंही सांगितलं.

गौराबाई रिक्षा करून घरी आल्या. सुमा पोरीला पुसत होती. हातात तोच रुमाल. बाईंनी तो काढून घेतला आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते एका दमात सांगितलं.

सुमाचा चेहरा उतरला. "अत्ते, मीच आणलं होतं की ते," ती सासूला म्हणाली.

"तू आणलंस, मी वापरलं, त्यात तुझं चुकलं नाही," गौराबाई म्हणाल्या. "पण पोर माझ्यासमोरून ओढून नेत होतीस, ते मला फार लागलं."

सुमाने मान खाली घातली. "चुकलं अत्ते," ती हळूच म्हणाली. बाई आणखी खूप बोलणार होत्या, पण त्यांना तेवढंच पुरलं.

पाकिटं कचऱ्यात गेली. डॉक्टरांनी अन्विताला पाहिलं, साधं मलम दिलं. पोरीला कोमट पाणी आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा लागू झाला, आणि बघता बघता तिचं अंग साफ झालं. बाईंच्या बोटांना वेळ लागला. भेगा भरत आल्या, नवी गुलाबी कातडी आली. रेशमासाठी सुका पंचा पुन्हा मशीनवर आला.

परवा सकाळी शांताक्का दुकानात आल्या. पुतण्याच्या लग्नाचं रेशीम होतं, माप द्यायचं होतं, घाई होती. तेवढ्यात सुमा आतून आली. शांताक्कांच्या देखत तिने अन्विताला उचललं आणि सरळ सासूच्या हातांत दिलं. पोरीने आजीचं बोट पकडून तोंडात घातलं. गौराबाईंनी ते काढलं नाही.

शांताक्का रेशीम धरून उभ्याच होत्या. "माप घेतेस ना, गौरा?"

"बसा, शांताक्का," गौराबाई म्हणाल्या. "माझे हात आत्ता मोकळे नाहीत."