साडीतले आजोबा

रविवारी आमच्या गावच्या शाळेत दोन पोरींनी मला गप्प बसवलं. मला! ज्यांना मी माहीत आहे त्यांनी आधी हसून घ्या, मग पुढे वाचा...

सौंदडवरून आत गेलं की आमचं गाव. शाळेत बायांसाठी दिवसभराचं शिबिर होतं, नागपूरहून दोन पोरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगा, पण नुसती बोलून नाही. चित्र काढा, मातीचं करा, गाणं म्हणा, नाटक करा, काहीही चालेल.

शेजारची शांता लगेच म्हणाली, "मेली आता ही! बोलल्याबिगर हिचं पोट दुखते."

मी काही मोठी शिकलेली नाही. तिसरीतच शाळा सुटली, हे पण एका बोटानं टाइप करून राहिले आहे आणि चुका नात सुधारते. ती माझी नात सोनू, पाचवीत आहे, शिबिरात माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिनं कानात सांगितलं, "आजी, आजोबाचं कर."

आता हे आजोबाचं काय ते सांगते. सोनू व्हायच्या आधीच ते गेले. घरात त्यांचा एकच धड फोटो आहे... आणि तो साडीतला.

म्हणजे असं की, दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्री दंडार होते, नाचगाण्याचं नाटकच ते. त्यात बायांचे पार्ट गडीमाणसंच करायची. आमचे हे राणी व्हायचे. लुगडं माझं, बांगड्या माझ्या, निऱ्या पण मीच घालून द्यायची... आणि राणी स्टेजवर गेली की टाळ्या तिला!

तोच फोटो भिंतीवर आहे. नवीन पाहुणा आला की चहा पितापिता विचारतो, ही तुमची बहीण का? मतदान कार्डावर पण त्यांचा फोटो होता म्हणा, पण त्यात नाक कुठे आणि डोळे कुठे ते हुडकावं लागते.

सोनू मला नेहमी विचारते, आजोबा खरे कसे होते? मी सांगते, शांत होते, सावळे होते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती म्हणते, "म्हणजे कसे?" मी पुन्हा तेच सांगते. एवढी बोलणारी बाई मी, आणि तिच्या डोळ्यांपुढे माणूस काही उभा करता येत नव्हता... मनाला फार लागायचं ते.

तर मी पहिले चित्र काढलं. सोनूनं कागद फिरवून फिरवून बघितला. मग म्हणाली, "आजी, हा बैल दोन पायांवर काऊन उभा आहे?"

मग माती घेतली. पण माती हातात आली की माझ्या हातून चूलच होते, त्याला मी काय करू! छान झाली होती, पण चूलच. गाणं म्हणावं तर मला धान रोवण्याची गाणी येतात, आणि ती चिखलात दहा-पंधरा बाया वाकल्या की जमतात. एकटीचा घसाच बसला.

सोनूनं तोंड पाडलं. मला पण वाईट वाटलं... तेवढ्यात खुर्चीवर त्या नागपूरच्या पोरीची ओढणी दिसली. पांढरी, अगदी आमच्या यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यासारखी.

आमच्या काळात बाईनं दंडारीत उभं राहायचं नाव काढलं असतं तर घरात घेतलं नसतं. ते साडी नेसून नाचले तर गावभर कौतुक... मी ओढणी उचलली आणि खांद्यावर टाकली.

एक हात मागे कमरेवर ठेवला. जन्म धानाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालण्यात गेला त्यांचा, म्हणून कोरड्या अंगणात सुद्धा आधी अंगठा टेकून बघायचे, जमीन ओली आहे का... मग पाऊल. तशीच चालत खुर्चीपर्यंत गेले. दुपट्ट्यानं जागा झटकली, एकदा, आणखी एकदा. घरची खाट असली तरी झटकायचे ते. मग मी मान डावीकडे टाकून बसले आणि म्हटलं, "हं."

शांता उठून उभीच राहिली आणि यांचं नाव घेऊन ओरडली. "अवं माय! हा त सुखदेव भाऊ होय ना!"

सगळ्या बाया हसल्या. शांतानं पदर डोळ्याला लावला आणि मग तीच जास्त हसली. सोनू मात्र हसली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोलले नव्हते बरं का!

संध्याकाळी आम्ही घरी आलो. धान कापणीचे दिवस, माझा पोरगा राजू, म्हणजे सोनूचा बाप, वावरातून आला. खांद्यावरचा टॉवेल काढला, खाट झटकली, एकदा, आणखी एकदा... मान डावीकडे टाकून बसला. "हं."

मी सोनूकडे बघितलं, सोनूनं माझ्याकडे. इतकी वर्षं मी याला रोज पाणी देते, रोज चहा देते, माझ्या पण ध्यानात आलं नव्हतं.

सोनू हळूच खाटेजवळ गेली आणि म्हणाली, "आजोबा, पाणी आणू का?"

"काऊन वं, ऊन लागलं का तुले?" राजू म्हणाला. त्याला काही समजलं नाही, आम्ही पण सांगितलं नाही. सांगितलं की तो झटकणं सोडून देईल, एवढा लाजरा आहे.

भिंतीवर राणी तशीच आहे. पण सोनू आता मला विचारत नाही, आजोबा कसे होते. सांजच्याला पाण्याचा गिलास घेऊन दारात बसते, बाप यायची वाट बघत.

त्या दोन्ही पोरींना थँक्यू. त्या दिवशी माझं तोंड बंद केलं नसतं, तर मी अजून नुसती सांगतच बसले असते...