तोंडी परीक्षेतला खरा प्रसंग
व्हाइटबोर्डच्या मार्करचा उग्र वास आला की औरंगपुऱ्यातला तो इंग्रजीचा क्लास आठवतो. खाली भांड्यांचं दुकान, वर पत्र्याचं छत आणि भिंतीवर क्रियापदांचे तक्ते. वरच्या तुकडीतल्या एकीला तिथंच शिकवायला ठेवणार होते आणि निवड तोंडी परीक्षेवर होती. स्वतःच्या आयुष्यातला एक खरा प्रसंग इंग्रजीत सांगायचा होता. मी वडिलांचा निवडला. ते मेंढपाळ. माझ्या बक्षीस समारंभाला आले, पण अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून शाळेच्या फाटकाबाहेरच उभे राहिले. हे मी फक्त माझ्या खोलीत राहणाऱ्या, त्याच तुकडीतल्या मैत्रिणीला सांगितलं होतं. तिनंच आठवडाभर माझी वाक्यं सुधारून दिली. परीक्षेला तिचा नंबर माझ्याआधी लागला. उकाड्यामुळे दार उघडं होतं, बाहेर मला सगळं ऐकू येत होतं. "माझे वडील मेंढपाळ आहेत," ती इंग्रजीत सांगत होती. तिच्या वडिलांची वैजापूरला कांद्याच्या आडतीची पेढी होती. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. आता तोच प्रसंग मी सांगितला असता तर चोर मीच ठरले असते. मी एका सहलीबद्दल काहीतरी बोलले. नंतर जिन्यात तिला गाठलं. ती म्हणाली, "अगं, चिडतीस कशाला? तुझ्याकडं असलं लई हाय. माझ्या बापाला कुणी कधी बाहेर उभं केलंय का? मी काय सांगणार होते?" नोकरी तिला मिळाली. पुढे मलाही दुसरीकडे मिळाली. तिथं सगळं बोलणं इंग्रजीतच चालतं. सहकारी घरच्यांविषयी विचारतात, तेव्हा वडील शेती करतात, एवढंच मी सांगते.