बिनपडद्याचे बाबा

बाबा गेले आणि महिन्याभरातच भावाने कॉम्प्युटरचा मॉनिटर उचलून नेला. ‘आईला दिसत नाही, तिला पडदा कशाला?’ काचबिंदूने आईचे दोन्ही डोळे खाल्ले होते. उजेड आणि अंधार तेवढा तिला कळायचा. पडद्याचं ते वाक्य तो तिच्यासमोर उभा राहून, वायर गुंडाळत बोलला. वहिनी खाली टॅक्सी धरून उभी होती. मला दिसतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. लग्न न झालेल्या बहिणीला डोळे असतात असं धरून चाललं, तर घरातल्या वाटण्या फार अवघड होतात.

कॉम्प्युटरच्या खोक्याला मात्र त्याने हात लावला नाही. खोक्यात बाबा होते.

बाबा डबल बारीचे बुवा. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. दोन भजनी बुवा आपापले टाळकरी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने आपल्या बारीत गाता गाता दुसऱ्याला टोमणे मारायचे, मग दुसऱ्याने आपल्या बारीत त्याची सालटी काढायची. देवाचं नाव घेऊन केलेलं भांडणच ते, आणि लोक त्याला मांडी घालून दाद देतात. लालबाग-परळच्या चाळींमध्ये बाबांचा दरारा होता. समोरच्याला गप्प करणारा बुवा, अशी त्यांची ख्याती. मी पहिल्या रांगेत बसून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवायचे. म्हातारपणी त्यांनी जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, आणि उतरवताना समोरच्या बुवांची उत्तरं तेवढी कापायला लावली. त्यामुळे त्या मशीनवर बाबाच बोलतात आणि बाबाच जिंकतात.

ते गेल्यावर आईला तेच हवं झालं. नायगावच्या आमच्या खोलीत मी सकाळी मशीन सुरू करायचे, समोर पडदा नसताना बोटांच्या सवयीने पासवर्ड टाकायचे, आणि थोड्याच वेळात बाबांचं खाकरणं ऐकू यायचं. आत शिरल्या शिरल्या बाऱ्या वाजू लागतील ही सोय त्यांनी स्वतःच करून घेतली होती. मग मी ऑफिसला निघायचे. संध्याकाळी परत यावं तर खोली मुकी. आई खुर्चीत, एक हात खोक्यावर, ताट झाकलेलं तसंच.

‘लायट गेली,’ ती म्हणायची. ‘मगे ता चालूच होयना.’

मागच्या चाळी पाडून टॉवरचं खोदकाम चाललं होतं, केबल तुटायच्या, त्यामुळे मला पटायचं. लाइट आली तरी मशीन पासवर्डपाशी अडून बसणार, आणि आंधळ्या बाईने तो टाकायचा कसा? नवरा गेला तो गेला, वर त्याचा आवाजही रोज मध्येच जातो. बाबा नाहीत तर घास नाही, असं तिने जणू ठरवूनच टाकलं होतं.

शेजारणी म्हणाल्या, फोनवर घेऊन दे की. पण फोनची गुळगुळीत काच आईच्या बोटांना काही सांगत नाही. खोक्याचं बटण तिला बरोबर सापडतं. ते दाबलं की मशीनने काही न विचारता थेट आत जावं, एवढंच हवं होतं. आणि तेवढं करून ठेवायला एकदा, फक्त एकदा, पडदा लागणार होता.

मी खोकं कीबोर्ड-स्पीकरसकट चादरीत बांधलं आणि भावाकडे रे रोडला गेले. मॉनिटरचा तिथे टीव्ही झाला होता. वहिनी मालिका बघत होती. ‘एवढी संपू दे हां, ताई,’ ती म्हणाली. ती संपली, दुसरी लागली. मी खोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

भाऊ आला आणि चादरीकडे बघून हसला. ‘म्हातारा मेला तरी त्याची बडबड चालूच पाहिजे काय तुम्हाला?’

‘बाबांबद्दल नीट बोल.’

‘तू लाडकी होतीस. तुझं काय जातंय नीट बोलायला?’

काम तसं पोरखेळाचं. वापरणाऱ्यांच्या खात्यांची खिडकी उघडायची, पासवर्ड टाकलाच पाहिजे अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण काढायची, आणि मशीन खात्री मागतं तेव्हा तोच पासवर्ड दोनदा लिहून द्यायचा. भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता.

‘म्हणजे आता कोणी पण बटण दाबणार नि आत घुसणार. चोर आला तर?’

‘काय नेणार? अभंग?’

मशीन बंद करून परत लावलं. ते कुणालाही न विचारता आत गेलं आणि बाबा खाकरले. केस पिकायला आलेला माझा भाऊ ताडकन वळून गॅलरीत गेला आणि मी खोकं बांधून निघेपर्यंत आत आला नाही. मनात म्हटलं, बापाचा आवाजसुद्धा सहन होत नाही मेल्याला.

त्यानंतर ताट रोज रिकामं सापडू लागलं. आईच्या गालांवर तकाकी आली. मी स्वतःवर इतकी खूश होते की ऑफिसात दोघी-तिघींना ही हकिगत सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा असावा तर असा, एकजण म्हणाली.

मग एका दुपारी ऑफिस लवकर सुटलं. चाळीच्या गॅलरीतून येताना बाबांचा आवाज कानावर पडला. समोरच्या बुवांना त्यांनी कोंडीत पकडलं होतं, आता पुढच्या ओळीला त्यांची दांडी गुल करणार, तोच आवाज तुटला. गेली लाइट, मी मनात म्हटलं. दारात पोचले तर डोक्यावर पंखा फिरत होता.

आईचा अंगठा खोक्याच्या बटणावर होता. तिने ते दाबून धरलं होतं. मग तिने घसा साफ केला, अगदी बाबांसारखा, आणि त्यांच्याच चालीत गायला लागली.

‘भायर देवाचो गजर, घरात बायलेक मार...’

मी तिला जन्मात कधी गाताना ऐकलं नव्हतं. घरात तिने नुसतं गुणगुणलं तरी बाबा म्हणायचे, ‘आवाज बंद.’ पुढे बायकोवर हात कसा उठायचा ते सगळ्या चाळीला ऐकू जायचं, आणि सगळी चाळ त्याला बुवांचा राग म्हणायची. मीसुद्धा. आई गात होती आणि मला राग आला. बाबांचा नाही, तिचा. माझ्या बाबांची ती दिवसभर अशी मुस्कटदाबी करते, आणि त्यासाठी खोकं डोक्यावर घेऊन मी हिंडले.

‘आई, लाइट गेलेली नाही.’

ती दचकली नाही. मान माझ्याकडे वळवून म्हणाली, ‘म्हायत हा. आधी तो दिसाक एकदाच गप करूक गावायचो. आता व्हयो तितक्या येळा.’

सगळा जन्म तिने बाबांना ‘ते’, ‘हे’ म्हटलं होतं. असं एकेरीत बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

‘मी पासवर्ड परत घालीन,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. बाबांचा चढायचा तसाच.

आईने पायाने चाचपून स्टूल माझ्याकडे सरकवलं.

‘घाल मगे. पण आज बस थंय. त्येच्या बारयेत पयल्या रांगेत बसान टाळ्यो मारलंस. आता माझी आयक.’

मी बसले. तिने बटण दाबलं. मशीनने काही विचारलं नाही.